कलत्या दगडाखालची डबी

ह्येल्ले,
जुलै संपता संपता

प्रिय इंगुन,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. आधी सांगून टाकते, कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही आणि घर विकायला काढलेलं नाही. बाबा खाली धक्क्यावर नावेला रंग देतायत आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून लिहितेय. दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग हिला मधेच पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटणार. कारण आहे. पण ते आत्ताच सांगितलं तर मधलं सगळं गाळून तू मोकळी होशील, लहानपणी गोष्टीची पुस्तकं मागून वाचायचीस तशी. मधलं वाचल्याशिवाय कारण तुला पटायचं नाही, तेव्हा कॉफी घेऊन बस.

घाट यंदा उशिरा उघडला. जून निम्मा सरला तरी वरचं तळं गोठलेलंच होतं, आणि बर्फ कापून रस्ता मोकळा केला तेव्हा दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंती टूराच्या गाडीपेक्षा उंच होत्या. शेजारची टूरा अजून तशीच आहे. जन्मभर या दरीत बस चालवली, आता निवृत्त झाली तरी हातात चाक नसलं की तिला चैन पडत नाही. पहिल्याच दिवशी आम्ही दोघी वर गेलो. नव्या रस्त्याला बोगदे झाले ते एका परीने बरंच झालं, जुन्या घाटाने आता ज्याला घाई नाही तोच येतो. कडेचे उभे दगड आहेत तसे रांगेत आहेत, मेंढ्या त्यांना अंग घासतात, मोटरसायकलवाले वळणावळणावर थांबून फोटो काढतात. आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायलो, वाफल खाल्ले, आणि टूराने खालून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याची उणीदुणी काढली. माझे गुडघे बरे आहेत, ते विचारायच्या आधीच सांगते.

त्या डब्या शोधायच्या खेळाचा नाद मला लावलास तूच. औषधांच्या दुकानातली माझी नोकरी संपली त्या नाताळात माझ्या फोनवर ते जिओकॅशिंग घालून दिलंस आणि म्हणालीस, “आई, आता घरात बसून बाबांचं तोंड बघत राहू नकोस.” तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर चढवून केलेली चौकशी आठवते का? तुला नाही, मला विचारलं होतं, तू समोर बसलेली असताना. “म्हणजे कुणीतरी डबी लपवायची. मग ती नेमकी कुठे लपवली ते आकड्यांत साऱ्या जगाला सांगायचं. मग जगाने यायचं, डबी शोधायची, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, आणि डबी होती तिथेच ठेवून रिकाम्या हाताने घरी जायचं. मग लपवायची कशाला म्हणतो मी?” तू हसलीस. मीही हसले. पण त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर बोलत होते. या दरीतल्या माणसांना लपवणं म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको.

मुल्तेच्या बेऱ्यांचंच बघ. माहेरी बर्गन शहरात आम्ही मुल्ते बाजारात विकत घ्यायचो, आणि तेही नाताळपुरते, सोन्याच्या भावाने. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच ऑगस्टमध्ये बाबा सकाळी गळ घेऊन मासे पकडायला म्हणून गेले आणि दुपारी बादलीभर पिवळेधमक मुल्ते घेऊन आले. मी वेड्यासारखी नाचले. कुठे मिळाले विचारलं, तर म्हणाले, “डोंगरात.” मला वाटलं थट्टा करतायत. दुसऱ्या वर्षी विचारलं, पुन्हा “डोंगरात.” मग मी तुझ्या आजीला विचारलं. तिने कणीक मळता मळता मान वर केली आणि म्हणाली, “पोरी, मी याच्या बापाबरोबर जन्म काढला, मला कुठे माहीत आहे? ती जागा बापाकडून मुलाला जाते. आपण नाताळला सायीत कालवून खायचे आणि विचारायचं नाही.” मुल्ते पिकतात ती पाणथळ जागा कुठली, हे विचारायचं मी सोडून दिलं. पण मनातून गेलं नाही. एकाच बिछान्यात झोपणाऱ्या माणसाच्या पोटात अशी एक जागा आहे जिथे आपल्याला मज्जाव आहे, हे दरवर्षी ऑगस्टमध्ये मला नव्याने आठवायचं.

आणि तुझं तर मी तुला सांगायलाच नको. बारा वर्षांची होतीस. सायकल मारत घाट चढून बाबांच्या मागे गेलीस, मला न विचारता. त्यांनी वळणावरून तुला पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवून सरळ तळ्यावर जाऊन बसले, गळाला आमिष न लावता, संध्याकाळपर्यंत. तूही दगडावर बसून राहिलीस. दोघं एकाच गाडीतून घरी आलात ते एक शब्द न बोलता. तू दारातून आत येऊन मला म्हणालीस, “मी मुलगा असते तर दाखवली असती ना?” त्यांनी ते ऐकलं आणि ते लाकडं फोडायला बाहेर गेले. त्या नाताळपासून तू मुल्तेच्या वाडग्याला हात लावला नाहीस, सुक्या आलुबुखारांवर भागवतेस, आणि तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी माझ्या तोंडून बोलता. “आईला सांग, गाडीची चाकं बदलून घे म्हणावं.” “बाबांना सांग, बदलली.” मी या घरातलं टपाल खातं झाले आहे आणि मला त्याचा पगारही मिळत नाही.

असो. दोन उन्हाळे मी आणि टूराने दुसऱ्यांच्या डब्या शोधल्या. मग गेल्या जुलैमध्ये मला वाटलं, आपली एक डबी असावी. खेळाचे नियम तुला माहीत आहेत: जुन्या रस्त्याच्या रचलेल्या दगडांत हात घालायचा नाही, डबी कोरडी राहिली पाहिजे, आणि ज्याची डबी त्याने तिची काळजी घ्यायची. मला गर्दीची जागा नको होती. धबधब्याशी एक आहे, सगळे तिथेच जातात. म्हणून तळ्याच्या पुढचं एक वळण निवडलं, जिथे कडेचा एक दगड कलला आहे आणि मागे एक सपाट खडक बसण्यासारखा आहे. इतक्या वर्षांत तिथे कधी कुणाला थांबलेलं मी बघितलं नव्हतं. कलत्या दगडाच्या मागे मोकळ्या खडीत डबी ठेवली, वर एक चपटा दगड ठेवला, आणि ऐटीत घरी आले.

जेवताना बाबांना सांगितलं, अमुक वळण, अमुक दगड. त्यांचा काटा बटाट्यावर तसाच राहिला. “तिथे? तिथे कशाला? तिथे बघण्यासारखं काय आहे?” मी म्हटलं, काही नाही, म्हणूनच. मग ते जे बोलायला लागले! धबधब्याची वरची बाजू कशी आहे, जुना दगडी पूल किती देखणा आहे, पुलाच्या कमानीचं काम किती नाजूक आहे, बाहेरच्या माणसाला पूल दाखवला पाहिजे, वळणावर वारा लागतो, डबी उडून जाईल. इंगुन, एका संध्याकाळी ते जितकं बोलले तितकं सबंध हिवाळ्यात बोलले नव्हते. तू हे वाचता वाचताच ओळखलं असशील. मला मात्र काही कळलं नाही. मला वाटलं, चला, अखेर यांना माझ्या खेळात गोडी वाटायला लागली! मी इतकी खूश झाले की त्यांना आणखी एक बटाटा वाढला.

लोक यायला लागले. पहिलं ओर्स्ता गावचं एक जोडपं आलं, मग जर्मन मोटरसायकलवाले, मग डच. मी रोज सकाळी त्यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायची: शांत जागा, छान डबी, मेंढीने पाठलाग केला. बाबा पाव खात ऐकायचे. ऑगस्टच्या सुरुवातीला एका डच कुटुंबाने लिहिलं की डबी सापडली, आणि मुलगी जरा वर चढून गेली तर तिला लालचुटुक बेऱ्यांनी भरलेली जागा दिसली, पण चवीला भलत्याच आंबट होत्या. बाबा खुर्चीवरून उठले आणि बाहेर गेले. पाव अर्धा ताटात. लाल म्हणजे कच्चे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पिकला की मुल्ते पिवळा होतो. कच्चे तोडणाऱ्याचं नाव या दरीत तीन पिढ्या निघतं. आता विचार करते तेव्हा माझी मलाच कीव येते. मी बर्गनची ती बर्गनचीच राहिले. मला वाटलं, यांचं पोट बिघडलं असेल.

त्याच आठवड्यात डबी नाहीशी झाली. मी नवीन ठेवली. तीही गेली. टूरा म्हणाली मेंढ्या, मी म्हटलं मेंढ्या चिठ्ठीसकट डबी नेत नाहीत. मग सप्टेंबरात आम्ही सहज पुलाशी थांबलो तर टूराला कमानीच्या खाली, एका दगडाआड, माझीच डबी दिसली. नीट ठेवलेली. झाकण घट्ट, आतली चिठ्ठी कोरडी, एवढंच नाही तर चिठ्ठीला कुणीतरी प्लास्टिकची नवी पिशवी घातलेली. टूरा डोक्याला हात लावून म्हणाली, “गुन्वोर, हा कसला चोर? हा तर तुझ्यापेक्षा चांगला मालक आहे.” तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण मी ती झटकून टाकली, कारण खरी निघाली असती तर मला पुढे काय करायचं ते सुचलं नसतं. मग बर्फ पडला, घाट बंद झाला. नाताळला वाडगा अर्धाच होता, तुझ्या लक्षात आलं असेल नसेल.

मार्चमध्ये बाबांना चक्कर आली ते तुला सांगितलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या घ्या, हिंडा फिरा, नाव चालवा, पण डोंगरात एकट्याने जायचं नाही. तेव्हा मी हे फोनवर हसत सांगितलं, कारण बाबा शेजारी बसले होते. ते घरी आल्यावर कितीतरी वेळ अंगणात उभे राहून वर डोंगराकडे बघत होते. एकट्याने जायचं नाही, आणि कुणाला बरोबर न्यायचं नाही. म्हणजे काय झालं ते तूच बघ. त्यांच्या भावाच्या मुलाला, लाइव्हला, मुल्ते आवडतही नाहीत, तो ऑस्लोत बसून फ्रिजमधले खातो. म्हणजे ती जागा यांच्याबरोबरच जाणार होती, आणि त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली गोष्ट यांच्या हातून बुडणार होती. हे ते बोलले नाहीत. ताकास तूर लागू देतील तर ते बाबा कसले! पण जेवणावरची त्यांची वासना उडाली होती आणि मला ते दिसत होतं.

यंदा घाट उघडल्यावर मी हट्टाने त्याच वळणावर पुन्हा डबी ठेवली. पुन्हा गेली. खेळावर देखरेख करणाऱ्या कुणा भल्या माणसाने मला नम्रपणे कळवलं की डबी सापडत नाही अशा तक्रारी येतायत, बंदोबस्त करा, नाहीतर बंद करावी लागेल. आता टूरा पेटली. एका शनिवारी दुपारी आम्ही आणखी एक डबी ठेवली आणि बर्फ काढायच्या यंत्रांची शेड आहे ना, तिच्या आड तिची गाडी लावून बसलो. वाफल, बेदाण्याचा जाम, दुर्बीण. टूराने तर डोक्याला रुमालही बांधला होता, कशासाठी ते देव जाणे. बाबा घरून मला सांगून निघाले होते की खाली धक्क्यावर आर्वेच्या नावेचं इंजिन बघायला जातोय. आणि थोड्या वेळाने आपली निळी गाडी आली, वळणापासून बरीच अलीकडे थांबली, आणि आर्वेचं इंजिन बघायला निघालेला माणूस हातात गळाची काठी घेऊन, पाण्याचा थेंब नाही अशा रस्त्याने, शीळ घालत चालत आला.

टूरा तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मी दुर्बिणीतून बघत होते. ते कलत्या दगडापाशी आले, इकडेतिकडे बघितलं, सावकाश खाली बसले, एक हात दगडावर ठेवून. डबी काढली, उघडली. खिशातून चष्मा काढून चिठ्ठी वाचली, आणि नुसती नजर नाही टाकली, रविवारी प्रार्थनेचं पुस्तक वाचतात तशी बोट फिरवत वाचली. मग डबी खिशात टाकून उठले आणि वर उताराकडे बघत उभे राहिले. दोन पावलं चढले. थांबले. परत फिरले. आणि गाडीकडे निघून गेले. टूरा मला ढोसत होती, “अगं, सापडली की तुझ्या नवऱ्याची जागा! दगडापासून वर जायचं, संपलं. चल, आत्ताच बघून येऊ, बादली नाही पण थर्मास आहे.” मी नको म्हटलं. तिला वाटलं मी रागावले. राग आला नव्हता गं. मला फार वाईट वाटलं. त्यांचं ते दोन पावलं चढणं आणि परत फिरणं मला बघवलं नाही. डॉक्टरांचा शब्द मोडून ते एकटे गेले नाहीत, आणि मला सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. त्यापेक्षा बायकोच्या डब्या चोरणं त्यांना सोपं वाटलं.

मी भांडले नाही. मी काय केलं ते ऐक. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर नवी डबी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “ओस्मुंद, वळणावर काही ती टिकत नाही. तूच सांग, कुठे ठेवू?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बशा गोळा करत होते. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, इतकी वर्षं या घरात राहून मलाही ते जमायला लागलंय. डबी हातात घेऊन म्हणाले, “पुलाशी.” मी म्हटलं, बरं, पुलाशी. का म्हणून विचारलं नाही. ते कोठीत गेले आणि रात्रीच्या बातम्या लागल्या तरी बाहेर आले नाहीत. सकाळी बघते तर माझी प्लास्टिकची डबी बाजूला पडलेली आणि तिच्या जागी लाकडाची, डांबर लावलेली, झाकणाला चामड्याची वादी असलेली एक पेटी. “प्लास्टिक उन्हाने तडकतं,” एवढंच म्हणाले.

आम्ही दोघं पुलावर गेलो. तासभर जागा ठरत नव्हती. माझा फोन एक सांगायचा, बाबा म्हणायचे, “तुझ्या उपग्रहाला काय कळतंय, पुराचं पाणी कुठवर येतं ते मी बघितलंय.” अखेर त्यांच्या जागेवर ठेवली आणि मी आकडे बदलले. आता रोज सकाळी तेच विचारतात, कुणी आलं का, काय लिहिलं. परवा कुणा स्वीडिश माणसाने ‘सोपी होती’ असं लिहिलं तर दिवसभर धुसफुसत होते, आणि डबी वीतभर आत सरकवायची म्हणतायत. टूराने त्यांना पुलाचे कारभारी असं नाव ठेवलंय. ते तिच्यावर खेकसतात, पण मनातून खूश आहेत.

पण मला सांगायचं आहे ते पुलावरून परत येतानाचं. बाबा गाडी चालवत होते. घराकडे वळायचं सोडून ते वर चढत राहिले. तळं मागे पडलं, कलता दगड आला, आणि त्यांनी गाडी थांबवली. या वेळी लांब नाही, अगदी दगडाशी. इंजिन बंद केलं. चाकावरचे हात काढले नाहीत. मग समोर बघत म्हणाले, “तू त्या दिवशी शेडच्या मागे होतीस. टूराच्या गाडीचा आरसा चमकत होता.” म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! मी काही बोलणार तोच म्हणाले, “चल, बूट आहेत ना पायात. दाखवतो.”

इंगुन, मी या दोन शब्दांची वाट किती बघितली आहे ते तुला माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या ऑगस्टपासून. मी दाराला हात घातला, अर्धं दार उघडलंही. खाली मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या, उतारावर ऊन होतं, आणि मला एकदम मोकळं वाटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला ती जागा बघायची नव्हती, मला ‘चल’ म्हटलेलं ऐकायचं होतं. ते ऐकून झालं. मी दार लावून घेतलं. म्हटलं, “मला पुढे नको नेऊस. मी भरून पावले. मी इथली सून आहे, इंगुन इथली मुलगी आहे. आधी तिला दाखव.” बाबांचा चेहरा पडला. म्हणाले, “ती यायची नाही.” मी म्हटलं, “विचारलंस?” तर म्हणाले, “तू विचार.” बघ म्हणजे! मी म्हटलं, इतकी वर्षं निरोप पोचवले, हा मी पोचवणार नाही. हा निरोप माझ्या तोंडून गेला तर ती माझ्यासाठी येईल, तुझ्यासाठी नाही. मग तिथेच गाडीत बसल्या बसल्या कधी नव्हे ते बोलले. म्हणाले, त्या दिवशी तळ्यावर बसून त्यांना सारखं वाटत होतं की उठावं आणि तुला हाताला धरून वर न्यावं, पण वडील काय म्हणाले असते या विचाराने पाय उचलला नाही. वडील तेव्हा जाऊन किती वर्षं झाली होती! आणि मग तू दारात जे म्हणालीस ते खरं होतं, म्हणून ते लाकडं फोडायला निघून गेले. हे त्यांनी मला सांगितलं, त्यांच्या शब्दांत, रडले नाहीत, पण काच खाली केली.

तर आता कारण. फोनवर हे बोलायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे, कारण टूरा कधीही दार न वाजवता आत येते, आणि मुल्तेची गोष्ट तारेवरून जाऊ नये असं त्यांचं ठाम मत आहे. मी म्हटलं, मग तूच लिही. तीन कागद फाडले त्यांनी. शेवटी तडजोड अशी झाली की झालं गेलं सगळं मी लिहायचं आणि विचारायचं ते त्यांनी. या कागदाच्या मागे पेन्सिलीने एक ओळ आहे, ती माझी नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते पिवळे होतील. एकट्याने त्यांना जायचं नाही आणि दुसऱ्या कुणाबरोबर ते जाणार नाहीत. तुला यायचं नसेल तर नको येऊस, त्या बारा वर्षांच्या पोरीचा तेवढा हक्क आहे आणि मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. पण हो असो की नाही, मला कळवू नकोस. मी टपाल खात्याचा राजीनामा दिला आहे. पाकिटावर त्यांचं नाव घाल.

तुझीच,
आई